गाण्याचा फोटो

अमळनेरला आमचे कॅसेटचे दुकान होते आणि त्या दुकानात समोरासमोर दोन फळ्या होत्या. एकीवर मी आठवीत असताना निळ्या ऑइलपेंटने ‘ओरिजिनल’ असे लिहिले होते आणि दुसरीवर ‘व्हर्जन’. ‘व्हर्जन’मधला रफार घाईघाईत एक अक्षर अलीकडे पडला होता. अण्णांनी तो पाहिला, हसले आणि म्हणाले की राहू दे, तिथे ज्या कॅसेटी ठेवायच्या त्यांच्यातही काहीतरी चुकलेलेच असते. दुकान बंद होईपर्यंत तो रफार तसाच राहिला. मला आज लिहायचे आहे ते आशा भोसले यांनी स्वतःचीच जुनी गाणी उतारवयात पुन्हा गायली त्याविषयी. पण ती गाणी कोणत्या फळीवर ठेवायची हा प्रश्न मला अनेक वर्षे पडलेला असल्यामुळे आधी त्या फळ्यांची हकिगत सांगणे भाग आहे.

अण्णा कॅसेट ‘भरून’ देत. गिऱ्हाईक यादी घेऊन येई, कधी वहीच्या पानावर, कधी सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या बाजूला, कधी मिलच्या पगाराच्या चिठ्ठीमागे. अण्णा ती वाचून साठची लागेल की नव्वदची ते सांगत, कोरी कॅसेट दाखवत आणि परवा या म्हणत. भरायचे काम रात्री चाले, कारण दिवसा विजेचा भरवसा नसे आणि मध्येच दाब उतरला तर गाणे कण्हल्यासारखे खाली जाई. साठच्या कॅसेटच्या एका बाजूला तीस मिनिटे मावतात. सहा गाणी बसली आणि सातवे अर्धे राहिले तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी भांडायला उभे, म्हणून प्रत्येक गाण्याची लांबी अण्णा मिनिट-सेकंदांत एका लाल वहीत टिपून ठेवत. माझे अक्षर बरे असल्याने आतल्या कागदावर गाण्यांची नावे लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. त्यामुळे सत्तरच्या दशकातली कितीतरी गाणी मी कानांनी ऐकण्याआधी हाताने लिहिली आहेत, आणि आजही एखादे गाणे लागले की मला आधी त्याची अक्षरे दिसतात.

उन्हाळ्यात आमच्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो. चोपड्याकडचे केळीचे ट्रक चालवणारे काही जण आमचे कायमचे गिऱ्हाईक होते आणि ते कॅसेटी काचेखाली उन्हातच टाकून ठेवत. तापून टेप ताणली जाई, खाचेतला छोटा नमदा सुटून पडे आणि मग गाणे ढिल्या चालीने, खालच्या सुरात, डुलत डुलत बाहेर येई. असा एक जण एकदा गल्ल्यावर कॅसेट आपटून म्हणाला होता, “अण्णा, आशाबाईना मुकेश व्हई गया!” अण्णांनी त्याला शांतपणे समजावले, की टेप सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटरने सरकायला हवी, ती मंद झाली की सूर उतरतो, यात बाईंची काही चूक नाही. चाल मंदावली की सूर उतरतो हे वाक्य मी तेव्हा यंत्राविषयीचे म्हणून ऐकले.

आता ‘व्हर्जन’विषयी. ऐंशीच्या दशकात कॅसेट खेडोपाडी पोचली, पण जुन्या सिनेमांच्या गाण्यांचा बहुतेक साठा एचएमव्हीकडे होता आणि त्यांच्या कॅसेटी महाग असत, वेळेवर येतही नसत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमात एक पोटकलम होते, त्यानुसार हक्कदाराला सूचना आणि ठरलेले मानधन देऊन तेच गाणे दुसऱ्या गळ्यातून पुन्हा ध्वनिमुद्रित करता येत असे. गुलशन कुमार यांच्या टी-सिरीजने या वाटेचा असा काही उपयोग केला की बघता बघता सगळ्या बाजारात नव्या गळ्यांतली जुनी गाणी झाली. अनुराधा पौडवाल लताबाईंची गाणी गात होत्या, पुढे कुमार सानू किशोरची आणि सोनू निगम रफींची गाऊ लागले. ते वाईट गात होते असे मुळीच नाही. पण गिऱ्हाईक कॅसेट उलटीपालटी करून, बारीक अक्षरांतले नाव शोधून विचारी, “हे ओरिजिनल आहे ना? व्हर्जन नको.” यात्रेच्या दिवसांत मात्र कोणी विचारत नसे. वैशाखात बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते, तेव्हा आम्ही वाळूत चार बांबूंचे दुकान लावत असू, आणि तिथे आठ दिवसांत व्हर्जनच्या फळीवरचा सगळा माल उठे. त्यातच पुढे झंकार बीट्स आले, म्हणजे गळा मूळचाच, पण त्याच्यावर ठेका नवा चढवलेला. त्यांना कोणत्या फळीवर ठेवायचे यावर अण्णांनी दोन दिवस विचार केला आणि शेवटी त्या कॅसेटी सरळ जमिनीवरच्या खोक्यात गेल्या.

४ जानेवारी १९९४ रोजी राहुलदेव बर्मन गेले. तेव्हा ते चोपन्न वर्षांचे होते. दोन वर्षांनी, १९९६ मध्ये, आशाबाईंचा ‘राहुल अँड आय’ आला. आर. डीं.चीच गाणी, आशाबाईंचाच आवाज, पण साज नव्वदच्या दशकातला, यंत्रावरचे ढोल आणि सिंथेसायझरचे लाटांसारखे सूर. त्या वेळी मी प्रताप कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते आणि सुट्टीच्या दिवशी दुकानात बसत असे. पहिली कॅसेट अण्णांनी स्वतः फोडली, यंत्रात घातली, दारातला गोंगाट कमी व्हावा म्हणून अर्धे शटर ओढले आणि दोन्ही बाजू पूर्ण ऐकल्या. मध्ये चहा आला तो तसाच निवला. शेवटी बटण दाबून ते म्हणाले, “हाई गानं नही, गानाना फोटू शे.”

हे गाणे नव्हे, गाण्याचा फोटो आहे. मला ते वाक्य इतके आवडले की मी ते कॉलेजात दोन-तीन जागी स्वतःचे म्हणून खपवले. वर्तमानपत्रांतूनही तेव्हा अशाच अर्थाची टीका होत होती, की जुन्या चालींना हात लावू नये, बाईंनी तरी लावू नये. कॅसेट खपली मात्र चांगली. पण ती कोणत्या फळीवर जाईल याची मला उत्सुकता होती, आणि अण्णांनी ती कोणत्याच फळीवर लावली नाही. गिऱ्हाइकाने मागितली की गल्ल्याखालून काढून देत.

आज मागे वळून पाहताना त्यांचा निवाडा मला निम्मा बरोबर वाटतो. त्या अल्बमचा दोष गळ्यात नव्हता. साज असा होता की जणू बाईंचे वय झाकण्यासाठीच तो बोलावला आहे. आवाज जिथे थोडा जड होई तिथे नेमका ढोल वाजे. त्रेसष्ट वर्षांच्या बाईला तेविशीच्या मुलींच्या रांगेत उभे करण्याची ती खटपट होती आणि अण्णांना तीच टोचली असावी. पण त्यांनी गुन्हा पुन्हा गाण्याचा धरला, आणि तिथे त्यांचे चुकले, असे मला बऱ्याच वर्षांनी कळले.

मध्यंतरी माझे लग्न झाले, मी नाशिकला आले, दुकानात कॅसेटींच्या जागी सीड्या आल्या. २००५ च्या दिवाळीत माझ्या भावाने एक सीडी हातात ठेवली. ‘यूव्ह स्टोलन माय हार्ट’ असे इंग्रजी नाव होते आणि ते नाव म्हणजे ‘चुरा लिया है तुमने जो दिल को’चे सरळ भाषांतर आहे हे कळायला मला काही क्षण लागले. आशाबाई आणि क्रोनोस क्वार्टेट. क्रोनोस ही अमेरिकेतली चौघांची मंडळी, दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो; १९७३ मध्ये डेव्हिड हॅरिंग्टन यांनी सिएटलला हा गट उभा केला आणि नंतर ते सॅन फ्रान्सिस्कोला गेले. ज्या सिनेमात ‘चुरा लिया’ होते तो ‘यादों की बारात’ही १९७३ चाच. म्हणजे चौघांचा तो मेळ आणि ते गाणे एकाच वयाचे. या मंडळींनी २००० साली आपल्या एका अल्बमात आर. डीं.ची एक चाल वाजवली होती, झाकीर हुसेन यांच्या तबल्यासह. तेव्हाच बहुधा त्यांना या खाणीचा सुगावा लागला. २००५ च्या ऑगस्टमध्ये हा पूर्ण अल्बम निघाला तेव्हा ८ सप्टेंबर १९३३ चा जन्म असलेल्या आशाबाई बहात्तरीच्या उंबऱ्यावर होत्या. त्यात पुन्हा झाकीर हुसेन होते, चिनी पिपा वाजवणाऱ्या वू मान होत्या, ‘दम मारो दम’ आणि ‘पिया तू अब तो आजा’ ही १९७१ ची दोन्ही तुफाने होती, आणि ‘दिल पड़ोसी है’मधले ‘रिश्ते बनते हैं’ही होते. पुढच्या वर्षीच्या ग्रॅमीसाठी त्याला नामांकन मिळाले. बक्षीस ब्राझीलच्या जिल्बर्तो जिल यांना गेले, आणि अण्णांना मी फोनवर ते सांगितले तेव्हा ते म्हणाले, तो कोण?

बाई दिवसाला तीन-चार गाणी ध्वनिमुद्रित करत आणि सोबतचे वादक थकून जात, असे त्या वेळी वाचले होते. मला त्यात नवल वाटले नाही. ज्या काळात त्या घडल्या त्या काळात शंभर वादक एका दालनात बसत, एकाचा सूर चुकला तर सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे, आणि दुपारी एक स्टुडिओ आटोपून संध्याकाळी दुसरा गाठावा लागे. त्या शिस्तीत गेलेल्या गळ्याला थांबून थांबून, तुकडे जोडत गाणे हीच चैन वाटत असणार.

आता मी जे सांगणार आहे ते एका ओळीविषयी आहे आणि मी त्या ओळीपुरते तरी कान पारखून बोलते आहे. १९७३ च्या ध्वनिमुद्रणात आधी काचेच्या पेल्यावर किणकिण होते, मग गिटार येते, ते भूपेंद्र यांनी वाजवले आहे, आणि मग आशाबाई पहिली ओळ अशी सोडतात की जणू ती ओळ आधीपासून चालूच होती, आपण फक्त दार उघडले. ‘चुरा’ला वजनच नाही. शब्द निसटतो. गाणारी चाळिशीच्या आतबाहेर, पडद्यावरची नायिका विशीतली, आणि गळा त्या विशीला पुरून उरतो. २००५ च्या ध्वनिमुद्रणात तोच ‘चुरा’ आधी जमिनीवर पाय टेकतो. ‘च’ नीट उच्चारला जातो, ‘रा’वर आवाज किंचित पसरतो, आणि लांबवलेल्या सुराच्या शेवटाला एक बारीक थरथर आहे, तुळशीपुढच्या दिव्याला वारा लागल्यावर होते तशी. पहिल्या वेळी हे ऐकले तेव्हा मी ‘आवाज गेला बाईंचा’ असे मनात म्हटले आणि सीडी कपाटात ठेवली. नंतर कितीतरी वर्षांनी, चाळिशी ओलांडल्यावर, एका दुपारी कपडे घड्या करताना ती पुन्हा लावली आणि त्याच ओळीशी हातातली घडी तशीच राहिली. पहिल्या गाण्यात कोणीतरी कोणाचे तरी मन चोरले आहे आणि तो खेळ आहे. दुसऱ्यात ज्याने चोरले तो अकरा वर्षांपूर्वी गेलेला आहे. दोघांचे लग्न १९८० मध्ये झाले होते. चाल त्याची, आवाज तिचा, आणि आता ती त्याच्याच चालीत त्याला सांगते आहे की मन नेलेस ते नेलेसच. शब्द बदललेले नाहीत. सिनेमातल्या मुलीसाठी लिहिलेले शब्द इतक्या वर्षांनी गाणारीच्या मापाचे झाले आहेत.

आणि साज? इथे साज वय झाकत नाही. चार तंतुवाद्ये एकावर एक थर देत आर. डीं.चा अख्खा वाद्यमेळ उभा करू पाहतात आणि बहुतेक वेळा तो उभा राहतोही, पण गळा पुढे आला की बाजूला होतात. सगळाच अल्बम मला सारखा आवडतो असे नाही. ‘पिया तू’ पुन्हा गायची काही गरज नव्हती असे माझे अजूनही मत आहे, कारण त्या गाण्यातला दम हा खरोखरच श्वासाचा आहे आणि श्वासाला वय असते. ते ऐकताना मला ट्रकवाल्याची कॅसेट आठवते. पण एका अल्बमात एक जागा अशी सापडली तरी पैसे वसूल, हे अण्णांचेच तत्त्व होते.

जुन्या दशकाची गाणी नव्याने गाण्याची रीत तशी जगभर आहे, आणि तिचा धंदाही आहे. रॉड स्टुअर्ट या घोगऱ्या गळ्याच्या रॉक गायकाने २००२ पासून अमेरिकेतल्या जुन्या, आजोबांच्या काळातल्या गाण्यांची मालिकाच काढली. बॅरी मॅनिलो यांनी २००६ च्या जानेवारीत पन्नासच्या दशकातली गाणी गायली आणि तो अल्बम अमेरिकेच्या यादीत पहिल्याच आठवड्यात पहिला आला. १९७७ नंतर त्यांचा पहिल्या क्रमांकावर गेलेला तो पहिला अल्बम. मग त्याच वर्षी साठचे दशक, २००७ मध्ये सत्तरचे, २००८ मध्ये ऐंशीचे. केळीचा घड उतरवून फण्या मोजाव्यात तशी दशके मोजून झाली. मी त्यांतले थोडे ऐकले आहे. गाणे स्वच्छ आहे, सुरात आहे, कानाला त्रास नाही. पण ते दुसऱ्यांच्या आठवणींची सेवा करते, स्वतःच्या नाही. तिथे गायक यजमान असतो.

आपल्याकडे लताबाईंनी १९९२ मध्ये ‘श्रद्धांजली’ काढला, त्यात सैगल, पंकज मलिक, रफी, मुकेश, किशोर, गीता दत्त अशांची गाणी त्या गायल्या आणि प्रत्येकाविषयी आधी दोन शब्द बोलल्या. आमच्या दुकानात ती कॅसेट अण्णांनी मोठ्या मानाने ‘ओरिजिनल’च्या फळीवर ठेवली होती. खरे तर व्याख्येप्रमाणे ती व्हर्जनच. गाणी दुसऱ्यांची, गळा वेगळा. पण लताबाईंना व्हर्जनच्या फळीवर ठेवायचा धीर त्यांना झाला नाही, आणि मीही तेव्हा विचारले नाही. त्या अल्बमात तुलना दोन माणसांमध्ये होते आणि तिथे आदर ठेवून सुटता येते. गेलेल्या माणसाला नमस्कार केला की झाले. स्वतःचेच गाणे पुन्हा गाणाऱ्याला नमस्कार करून सुटता येत नाही. तिची तुलना तिच्याशीच, आणि समोरची ती अडतीस वर्षांची, कधीही न थकणारी, प्रत्येक रेडिओवर, प्रत्येक रिक्षात, प्रत्येक लग्नात रोज पुन्हा नव्याने गाणारी. अशी सवत दुसऱ्या कुठल्या कलेत असेल असे वाटत नाही. चित्रकाराने तेच चित्र म्हातारपणी पुन्हा काढले तर लोक दोन चित्रे म्हणतात. गाण्याला मात्र आम्ही फळीवर बसवतो.

२०१२ मध्ये कायदा बदलला. मूळ ध्वनिमुद्रणानंतर थांबायची मुदत दोन वर्षांची पाच वर्षे झाली, आणि अशा पुनर्गायनाच्या वेष्टणावर आधीच्या गायकाचे नाव किंवा चित्र छापू नये, हे कव्हर व्हर्जन आहे असे स्पष्ट लिहावे, असेही ठरले. ही बातमी मी अण्णांना वाचून दाखवली तेव्हा त्यांनी विचारले, की आधीची गायिका आणि आताची गायिका एकच असेल तर वेष्टणावर काय लिहायचे? माझ्याकडे उत्तर नव्हते. प्रश्न त्यांनी थट्टेने विचारला होता, तरी त्यांच्या मनातून तो सोळा वर्षे गेला नव्हता हे मला कळले.

तोवर दुकानात मोबाइलचे मेमरी कार्ड भरून देणे सुरू होते. क्रियापद तेच होते, ‘भरून मिळेल’, फक्त लाल वहीची गरज उरली नव्हती कारण कार्डात गाणी हजारांनी मावत आणि शेवटचे गाणे कधीच कापले जात नसे. २०१४ मध्ये अण्णांनी दुकान आवरले. फळ्या सुताराला दिल्या. गल्ल्याखालच्या खणात त्यांनी न नेलेल्या कॅसेटी ठेवल्या होत्या, म्हणजे लोकांनी यादी दिली, आगाऊ पैसे दिले, आणि पुन्हा आलेच नाहीत, अशा. प्रत्येकीवर रबर बँडने यादी बांधलेली, काही याद्यांची शाई उडालेली. अशा तेवीस कॅसेटी निघाल्या आणि त्यांच्यात चोविसावी ‘राहुल अँड आय’ होती, फोडलेली, तिच्यावरही रबर बँड, पण यादी नाही. मी अण्णांकडे पाहिले. ते सुताराशी पैशांचे बोलत होते.

माझी मोठी माय, म्हणजे अण्णांच्या थोरल्या भावाची बायको, कानबाईची गाणी गाते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते, नारळाला नथ-डोळे लावून, पाटावर साजशृंगार करून. भाऊबंद जमतात, सव्वाच्या मापाने दळलेल्या गव्हाचे रोट होतात, रात्रभर जागरण चालते आणि सोमवारी तिला नदीवर पोचवतात. त्या रात्री गाण्याचा पहिला मान मोठ्या मायचा. १९८८ च्या जागरणात अण्णांनी दुकानातला मायक्रोफोन आणून कोनाड्यात ठेवला आणि तिची गाणी साठच्या कॅसेटवर भरली. त्या टेपवर पत्र्यावरचा पाऊस आहे, माझ्या धाकट्या भावाचे रडणे आहे, कोणीतरी रोट लागले की काय म्हणून ओरडते आहे, आणि या सगळ्याच्या वर मोठ्या मायचा आवाज आहे, वयाच्या पंचेचाळिशीतला, चढा, धारदार, कुठेही न अडणारा. घरात ती कॅसेट म्हणजे ठेवा होती. तिच्या कागदावर ‘कानबाई, ओरिजिनल’ असे मीच लिहिले होते. तेव्हा ते मला विनोदी वाटले नव्हते.

२०१६ च्या श्रावणात मोठी माय त्र्याहत्तर वर्षांची होती. त्याआधीची दोन वर्षे ती गायली नव्हती. दम लागतो म्हणे. सुनांना गाणी अर्धवट येत होती, म्हणून अण्णांनी सुचवले की कॅसेट लावू, तिच्यामागे सगळ्या जणी म्हणतील. जुना टेपरेकॉर्डर पुसून, हेडवर स्पिरिटचा बोळा फिरवून मी तो कानबाईच्या उजव्या अंगाला ठेवला आणि बटण दाबले. पाऊस सुरू झाला, मग आवाज आला. खोलीतल्या बायका एकदम गप्प झाल्या. मोठी माय भिंतीला टेकून बसली होती, तिने मान वर केली आणि शेजारणीला विचारले, “कोन शे वं हाई?” शेजारीण म्हणाली, तुम्हीच की, मोठी माय. ती काही बोलली नाही. दोन ओळी तिने ऐकल्या. तिसऱ्या ओळीला ओठ हलू लागले, चौथीला तिने आवाज लावला, पण टेपमधली बाई दोन-तीन स्वर वर होती आणि पुढे पळत होती, मागे वळून पाहत नव्हती. मोठी माय एकदा अडखळली, पुन्हा धरले, पुन्हा सुटले. सुना टेपबरोबर जाव्यात की तिच्याबरोबर, या घोळात अर्ध्या इकडे आणि अर्ध्या तिकडे झाल्या.

मी अण्णांकडे पाहिले. ते दारात उभे होते आणि त्यांची नजर कॅसेटच्या फिरत्या चाकांवर होती.

मोठ्या मायने माझ्याकडे हात केला. “बंद कर वं ते. मना गानाले आडं येस.”

मी बटण दाबले. खट् असा आवाज झाला, १९८८ चा पाऊस थांबला. मोठ्या मायने पदर सारखा केला, घोटभर पाणी प्यायली, आणि खालच्या पट्टीत, दर ओळीला मध्ये श्वास घेत, पहिल्यापासून सुरुवात केली. सुना तिच्यामागे गाऊ लागल्या. अण्णा आत येऊन कोनाड्यापाशी बसले.